परदेशातला पगार, इथलं कर्ज

(लातूरमधल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, विषय परदेशातल्या आपल्या माणसांचा आहे, पण सुरुवात मी लातूर-बार्शीपासून करणार आहे. ऐंशी वर्षांपूर्वी इथून बार्शीला जाणं म्हणजे परमुलखात जाणं होतं. इकडं निजामाचं राज्य, तिकडं इंग्रजांचं, मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. खिशातला रुपयासुद्धा निराळा. इकडं हाली, तिकडं कलदार. सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब. व्यापाऱ्यांना तो तोंडपाठ असायचा आणि भाव ठरलेला असल्यामुळं कुणाचं फारसं अडायचं नाही.

अडलं ते राजकारण बिघडल्यावर. १९४७च्या नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारनं वटहुकूम काढला आणि भारतीय चलन राज्यात व्यवहारातून बाद केलं. सोनं-चांदी बाहेर न्यायलाही बंदी घातली. रझाकारांच्या भीतीनं आपली माणसं सरहद्द ओलांडून पलीकडच्या शिबिरांत जात होती ती याच काळात. घरात साठवलेले हाली, आणि पलीकडं ज्वारी घ्यायची ती कलदारात. तिथं मग सातास सहाचा हिशेब कोण ऐकणार? तुमच्या घरात कुणी जुनी माणसं असतील तर त्यांना विचारा.

हे सांगायचं कारण असं, की आपण 'डॉलरचा भाव' हा एक विषय मानतो आणि 'तिकडं युद्ध सुरू झालं' हा दुसरा. पेपरातही दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात. परदेशात राहणाऱ्या माणसाला मात्र त्या एकाच दिवशी गाठतात. माझी नोकरी बँकेत, त्यातली बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर गेली. समोर येणारा माणूस पहिला प्रश्न हमखास हाच करायचा, "साहेब, भाव आणखी वाढंल का?" माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. तुमचं कर्ज कोणत्या चलनात आहे, पैसा कोणत्या देशात पडून आहे आणि नाका बंद झाला तर त्यातलं काय हातात राहील, हे आधी विचारायला हवं.

आता साधा हिशेब करू. सौदीचा रियाल १९८६पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. दुबईचा दिरहम तसाच, ३.६७च्या आसपास. कतार, बहरीन, ओमान यांचंही तेच. कुवेतचा दिनार तेवढा अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे. म्हणजे रियालचा भाव रियाधमध्ये ठरत नाही. डॉलरपुढं रुपया जितका घसरतो, तितकाच तो रियालपुढंही घसरतो. डॉलर ७५ रुपये असताना रियाल २० रुपये होता, डॉलर ८३ झाला तेव्हा रियाल २२च्या पुढं गेला. महिना दोन हजार रियाल पाठवणाऱ्याच्या घरी चाळीस हजारांऐवजी चव्वेचाळीस हजार येऊ लागले. त्याच गल्लीत दुसरं घर आहे. तिथलं लेकरू डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानात आहे, वर्षाची फी समजा पाच हजार डॉलर. तीच फी पावणेचार लाखांवरून चार लाख पंधरा हजारांवर गेली. रुपया तोच, घसरण तीच. एका घरी त्या वर्षी स्लॅब पडला, दुसऱ्या घरी सोयाबीनची पट्टी आल्या आल्या संपली.

लातूरकरांना हे दुसरं घर जास्त ओळखीचं. आपल्याकडं नीटचे वर्ग आहेत, देशभर नाव आहे; पण सरकारी जागा मोजक्याच आणि खासगी कॉलेजची फी ऐकून छातीत धस्स होतं. मग युक्रेन, रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स, बांगलादेश. आई-बाप फीची तुलना करतात, हॉस्टेल बघतात, 'इंडियन मेस' आहे का विचारतात. त्या देशाचे शेजाऱ्याशी संबंध कसे आहेत, हे विचारणारा पालक मला क्वचितच भेटला.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्याच दिवशी तिथल्या मध्यवर्ती बँकेनं रिव्निया या तिथल्या चलनाचा भाव डॉलरला २९.२५ असा गोठवला, दिवसाला एक लाख रिव्नियापेक्षा जास्त रोख काढायला मनाई केली आणि खात्यातून परकीय चलन रोख देणं थांबवलं. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं, नाहीतर बँका एका दिवसात रिकाम्या झाल्या असत्या. पण खारकीवच्या तळघरात बसलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? विमानतळ बंद, म्हणून रेल्वेनं, बसनं, शेवटचे काही किलोमीटर पायी चालत पोलंड, हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकियाची सीमा गाठायची. सीमेपलीकडं गेल्यावर कळलं, की हातातले रिव्निया घ्यायला चलन बदलणारे तयार नाहीत. ही अडचण इतकी मोठी होती, की युरोपीय संघाला युक्रेनच्या निर्वासितांसाठी नोटा बदलून देण्याची खास सोय करावी लागली. तिकडं जुलैत रिव्नियाचा अधिकृत भाव ३६.५७ झाला. पंचाहत्तर वर्षांनी बार्शीचा नाका पुन्हा रुमानियाच्या सीमेवर उभा राहिला म्हणा ना.

'ऑपरेशन गंगा'तून पोरं परत आली. सरकारचं ते काम चोख झालं, हे मानायलाच हवं. पण विमान उतरल्यावर खरी लढाई सुरू झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणं परदेशात शिकणाऱ्यानं ५४ महिन्यांचा सगळा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप एकाच विद्यापीठात पूर्ण करायची असते. अधेमधे देश बदलायचा नाही. भारतातल्या कॉलेजांत सामावून घ्यायला केंद्रानं सुप्रीम कोर्टात नकार दिला. सप्टेंबर २०२२मध्ये दुसऱ्या देशात शिकून पदवी मात्र युक्रेनच्याच विद्यापीठाची घेण्याची मुभा मिळाली. दुसरा देश म्हणजे पुन्हा नवी फी, आणि ती भरायची त्याच वर्षी, जेव्हा रुपया ७५वरून ८२च्या पुढं गेला. इथंच मी म्हणतो ते दिसतं. युद्धामुळं तेल महागलं, आपली आयात महागली, त्यात अमेरिकेनं व्याजदर वाढवले, रुपया घसरला. ज्या लढाईनं पोराचं कॉलेज बंद पाडलं, तिनंच पुढच्या कॉलेजची फीही वाढवली.

रशियात शिकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथं कॉलेज बंद पडलं नाही. पण मार्च २०२२मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी तिथलं काम थांबवलं आणि भारतात काढलेली कार्डं तिथं चालेनाशी झाली. रूबल आधी डॉलरला शंभराच्या पलीकडं पडला आणि तीन-चार महिन्यांत युद्धापूर्वीपेक्षाही वधारला. भाव वर जावो की खाली, बापानं इथं खात्यात भरलेला पैसा पोराला तिथं काढता येत नव्हता. नंतर मे २०२४मध्ये बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले, जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेश पेटला. दोन्हीकडं आपली पोरं होती.

आता गल्फकडं येतो. नांदेड, बीड, परभणी, संभाजीनगर, कुठंही जा. सौदीला, कतारला, दुबईला गेलेला माणूस प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. ड्रायव्हर, वेल्डर, एसी मेकॅनिक, मेसन. यांच्या बाबतीत आपल्याकडं एक समज आहे, की रुपया पडला की हे खूष. काही दिवस असतातच. पण २०१४च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं खनिज तेल २०१६च्या सुरुवातीला तीस डॉलरच्याही खाली आलं. सौदी सरकारनं बांधकामांचा खर्च आखडला आणि मोठ्या ठेकेदार कंपन्यांनी हजारो भारतीय कामगारांचे पगार महिनोन् महिने थकवले. शेवटी आपल्या दूतावासाला कॅम्पांमध्ये धान्य पोचवावं लागलं. त्या काळात रियालचा भाव चांगला होता, रियालच मिळत नव्हता. घरी फोनवर काय सांगणार? इकडं हप्ता थांबत नाही.

हप्ता कसला, ते सांगतो. नोंदणीकृत एजंटनं कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घ्यावेत, असा नियम आहे. प्रत्यक्षात व्हिसा 'लावायला' किती लागले, हे सभागृहातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, त्यांनी ते मनात ठेवलेलंच बरं. हा पैसा येतो सावकाराकडून, बायकोच्या दागिन्यांतून, नाहीतर एकरभर जमीन गहाण टाकून. आपल्या बीडच्या ऊसतोडीत मुकादमाची उचल असते ना, अगदी तसंच. उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, मग फडात काहीही होवो. गल्फमधला माणूस अशांतता दिसत असूनही परत का येत नाही, याचं उत्तर त्याच्या धाडसात शोधू नका, इथल्या कर्जात शोधा. कर्ज रुपयात, व्याज महिन्याला टक्क्यानं, कमाई रियालमध्ये आणि इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या हातात.

त्यातही 'आझाद व्हिसा', म्हणजे कफील नावापुरता आणि काम मिळेल तिथं, किंवा टुरिस्ट व्हिसावर गेलेला माणूस सगळ्यात उघडा पडतो. दहावी न झालेल्या माणसाला गल्फला कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंद होते, अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर प्रवासी भारतीय विम्याचे १० लाख मिळतात. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. आडवाटेनं गेला, की हे सगळं सुटतं आणि गडबड झाल्यावर दूतावासाच्या यादीत त्याचं नावच नसतं.

शिकलेल्यांनी हसू नये. वाळूजच्या कारखान्यांतून नायजेरियाला गेलेले अभियंते असतात. तिथं बऱ्याच कंपन्यांची रीत अशी, की पगाराचा काही भाग डॉलरमध्ये भारतातल्या खात्यात आणि राहण्या-खाण्यापुरता भाग नायरा या तिथल्या चलनात. २०२३च्या जूनमध्ये नायजेरियानं नायरा मोकळा सोडला. डॉलरला पावणेपाचशेच्या आसपास असलेला नायरा महिन्याभरात साडेसातशेच्या घरात आणि पुढच्या फेब्रुवारीत दीड हजारापलीकडं. डॉलरचा वाटा मोठा असलेला माणूस राजा झाला, ज्यानं नायरात बचत केली होती त्याची दोन-तीन वर्षं पाण्यात गेली. पद एकच, कंपनी एकच.

आणि कुवेत. आजचे तरुण श्रोते तेव्हा जन्मलेही नव्हते. २ ऑगस्ट १९९०ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. युद्धापूर्वी एका कुवेती दिनारला साडेतीन डॉलरच्या आसपास मिळत. जगातलं सगळ्यात महाग चलन म्हणून त्याचा रुबाब होता. इराकनं तो स्वतःच्या दिनारच्या बरोबरीचा ठरवला आणि पुढं बादच करून टाकला. आपली लाखाहून जास्त माणसं वाळवंट तुडवत जॉर्डनमध्ये अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आली. त्यांनी घरी पाठवायचा पैसा थांबला, त्याच वेळी तेल महागलं, परदेशस्थ भारतीय बँकांतल्या ठेवी काढून घेऊ लागले. देशाकडं काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं. सोनं गहाण पडलं आणि जुलै १९९१च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, डॉलर एकवीसवरून सव्वीसच्या आसपास गेला. त्या काळात गल्फमध्ये टिकून राहिलेल्यांची चांदी झाली, कुवेतहून रिकाम्या हातानं आलेल्यांना त्या सव्वीस रुपयांचा उपयोग शून्य. भाव वाढल्याचा फायदा घ्यायला आधी हातात परकीय पैसा लागतो.

कुवेतवाल्यांना पुढं भरपाई मिळाली. संयुक्त राष्ट्रांनी १९९१मध्ये आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या पैशातून ती वाटली गेली. फक्त देश सोडावा लागल्याचा दावा करणाऱ्या एकट्या माणसाला चार हजार डॉलर, कुटुंबाला आठ हजार. बुडालेला पगार, सामान, ठेवी यांचा दावा वेगळा, पण त्याला पुरावा हवा. इकाम्याची झेरॉक्स, पगाराची पावती, बँकेचं पासबुक. हुंडीनं, म्हणजे बँकेऐवजी दलालामार्फत पैसे पाठवणाऱ्यांची इथं पंचाईत असते. दोन पैसे भाव जास्त मिळतो म्हणून हुंडीवाला गोड लागतो, पण तो बेकायदा तर आहेच, शिवाय आपण किती कमावलं याचा कागद तो मागं ठेवत नाही.

खात्यांविषयी थोडक्यात. एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं, रुपयात असतं. पैसा इथंच खर्चायचा असेल तर ते ठीक. ज्याला पुन्हा परदेशात पैसा लागणार आहे, पोराची फी म्हणा किंवा तिकडं घर म्हणा, त्यानं एफसीएनआर बघावं. ती एक ते पाच वर्षांची मुदत ठेव असते आणि डॉलर डॉलरच राहतो. दोन्हींवरच्या व्याजाला इथं आयकर नाही. आणि तिकडच्या बँकेत सहा महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त पैसा साठवू नका. हा माझा आग्रह आहे, बँकेचा नियम नाही.

(भाषणानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक इथं घेतला आहे.)

औशाच्या एका पालकांनी विचारलं, मुलगी जॉर्जियात दुसऱ्या वर्षाला आहे, डॉलर वाढतच चाललाय, कॉलेज म्हणतं तीन वर्षांची फी एकदम भरा, सूट देऊ, भरावी का?

ताई-दादा, सूट किती ते मला सांगितलंत तरी माझं उत्तर नाही असंच आहे. एकदम भरलेली फी म्हणजे त्या देशाला, त्या कॉलेजला तुम्ही दिलेलं बिनतारण कर्ज. उद्या तिथं काही झालं तर मुलगी विमानानं परत येईल, फी येणार नाही. सत्रागणिक भरा. डॉलर वाढेल, ते धरून चाला. शिक्षणकर्ज घेताय तर मंजुरी आजच्या फीपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त रकमेची मागा, उचलायचं तेवढंच उचला. एप्रिल २०२५पासून बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही, स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर वर्षाला १० लाखांपर्यंत लागत नाही. मुलीला तिथं दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवायला सांगा, आणि दोन-तीनशे डॉलर रोख, जे हॉटेलिंगला वापरायचे नाहीत. गुणपत्रिका प्रत्येक सत्राला शिक्का मारून घ्यायची आणि तिची प्रत औशाला तुमच्या कपाटात.