रिगवर पाच वॅट ठेवले, तरी लिनिअर का उडतो?

नमस्कार मंडळी! आजचा हॅम रेडिओचा विषय थेट खिशाला चटका लावणारा आहे. तुमच्याकडे शंभर वॅटची एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग, म्हणजे रेडिओ ट्रान्सीव्हर, आहे. पुढे ट्रान्झिस्टरचा लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, जोडलाय आणि त्याला ड्राइव्ह (इनपुट पॉवर) हवाय जेमतेम पाच वॅट. तुम्ही मेनूत जाऊन पॉवर पाचवर आणली. मीटरही पाचच दाखवतोय. आणि पहिल्याच पीटीटीला, म्हणजे बोलायचं बटण दाबताच, लिनिअर गप्प!

मीटर खोटारडा नाही, नुसता मंद आहे.

रिगची पॉवर ताब्यात ठेवतो एएलसी, म्हणजे ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. बाहेर जाणारी पॉवर तो मोजतो आणि जास्त भरली की मागच्या स्टेजचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ओढून खाली आणतो. गोम इथेच आहे. जास्त पॉवर आधी बाहेर पडते, मग एएलसीला जाग येते. ब्रेक दाबला तरी गाडी चार हात पुढे जातेच ना, तसंच. मामला काही मिलिसेकंदांचा असतो, पण काही रिग, विशेषतः जुन्या, तेवढ्यात जवळजवळ पूर्ण शंभर वॅटचा फटका देऊन मोकळ्या होतात. एसएसबी या आवाजाच्या मोडवर बोलताना तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, एएलसी सैल पडला, की पुढच्या शब्दाला पुन्हा तेच.

आता समोर कोण बसलंय बघा. लिनिअरमध्ये सर्रास दिसणारा एलडीमॉस जातीचा ट्रान्झिस्टर म्हणजे एमआरएफई6व्हीपी61के25एच. 1250 वॅटचा गडी. अँटेनाकडून 65:1 एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) आला तरी झेलतो असं डेटाशीट सांगतं. पण ही ताकद आउटपुटची! गेन 24 डीबीच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीचशे पट. पाच वॅटमध्ये त्याचं पोट भरतं. गेटवर, म्हणजे त्याच्या इनपुटला, शंभर वॅट आले, तर तो मरायला एसडब्ल्यूआर लागत नाही.

मग उपाय काय?

(टेबलावर कॅमेरा) ही नऊ व्होल्टची बॅटरी आणि हा पोटेन्शिओमीटर. आयकॉमच्या बऱ्याच रिगना मागच्या एएलसी पिनवर शून्य ते उणे चार व्होल्ट चालतात. बॅटरीची धन बाजू ग्राउंडला, ऋण बाजू पोटमधून एएलसीला. उलटं जोडू नका! पीटीटी दाबायच्या आधीपासूनच गेन खाली दाबलेला राहतो, त्यामुळे फटक्याचा जोर मोडतो. जुगाड झकास आहे, पण बॅटरी उतरली की मर्यादाही गेली, आणि हे कोणी कळवायला येत नाही. बँड बदलला की पुन्हा मोजायचं, ते वेगळंच.

म्हणून माझं मत विचाराल तर अटेन्युएटर, म्हणजे पॉवर ठरावीक पटीत कमी करणारा पॅड. लिनिअरच्या इनपुटला, रिलेच्या पलीकडे, म्हणजे रिसीव्हिंगला त्याचा त्रास नाही. 13 डीबीचा (वीसपट कमी करणारा) पॅड लावा. शंभर आले तरी पुढे पाचच जाणार. मेनू विसरला, मुलाने नॉब फिरवला, एएलसी झोपला, काही फरक पडत नाही. फक्त उरलेले 95 वॅट पॅडच्या अंगावर पडतात, तेव्हा हीटसिंकला कंजुषी नको. एफटी8 हा डिजिटल मोड करणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तिथे पंधरा सेकंदांच्या खेपेत साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ कॅरिअर सलग चालू असतो.

क्यूओ-100 वाल्यांनो, तुम्ही जरा जास्तच जपा. हा उपग्रह आपल्याकडून दिसतो, त्यामुळे 2400 मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर (रिगची फ्रीक्वेन्सी वर नेणारी पेटी) जोडायचा मोह होणारच. पण काही अपकन्व्हर्टरना मिलिवॅटच पुरतात, आणि पाच वॅटची हॅण्डीसुद्धा (हातातला वॉकीटॉकी) त्यांना जड जाते.

आणि जोडण्याआधी एक काम करा. रिग डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) घ्या, ऑसिलोस्कोप सॅम्पलरमधून (सिग्नलचा छोटा अंश काढून देणारा) लावा, थेट नको, आणि सिंगल शॉट ट्रिगरवर ठेवून एकच डिट (मोर्सचा टिंब) मारा. (स्क्रीन जवळून) सुरुवातीचा हा सुळका दिसतोय? मीटरने तो एकदाही दाखवला नव्हता. सुळक्याच्या उंचीवरून वॅट काढा आणि पॅड त्या आकड्याला धरून निवडा, मेनूतल्या पाचला धरून नाही.

73, म्हणजे हॅम भाषेत शुभेच्छा.