बाळंतिणीचे पैसे कुठं अडतात?

नमस्कार श्रोतेहो. नागपूरच्या एका वस्तीत मी बरीच वर्षं अंगणवाडी सेविका होते. आज बोलणार आहे बाळंतपणाच्या रजेत मिळणाऱ्या सरकारी पैशांबद्दल. घरात कोणी गरोदर असेल तर तिला रेडिओजवळ बोलवा. तिच्या नवऱ्यालाही बोलवा.

एक पोरगी आठवते. इतवारीत साड्यांच्या दुकानात कामाला होती. सातव्या महिन्यात मालक म्हणाला, आता बाळ झाल्यावरच ये. रजा मिळाली, पगार थांबला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं 26 आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी लागते, पण त्या दुकानात माणसं तीनच. तिचा प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म मी भरला होता. पहिल्या बाळासाठी 5000 रुपये. 3000 गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, 2000 बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. बाळ बसायला लागलं तरी तिचं एकच, "ताई, माह्या खात्यात काहीच नाही आलं जी."

पासबुक पाहिलं. खरंच कोरं. बाळाला कडेवर घेऊन आम्ही बँकेत दोन खेपा घातल्या, तेव्हा उलगडा झाला. पैसे कधीच आले होते, पण कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात. त्या खात्याचं पासबुक माहेरी, ट्रंकेच्या तळाशी. डिंकाच्या लाडूंसाठी तिनं शेजारणीकडून उसने पैसे घेतले होते, आणि तिचे स्वतःचे पैसे तिकडे पडून होते. मला फार लागलं ते. फॉर्म भरतानाच मी विचारायला हवं होतं.

म्हणून सांगते, पासबुक कोणतंही दाखवा, हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. चौथ्या-पाचव्या महिन्यात, चालणं-फिरणं सोपं आहे तोवर, बँकेत जाऊन विचारा : माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, कोणत्या खात्याला जोडलं आहे? दुसरी अडचण नावाची. आधार माहेरच्या नावाचं आणि पासबुक सासरच्या नावाचं असलं की काम अडतं. नाव कोणतं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, दोन्हीकडे एकच असू द्या. नवऱ्याच्या आधारची आता सक्ती नाही, त्यामुळं एकट्या बाईनंही मागं राहू नये. बाळ झाल्यापासून 270 दिवसांच्या आत फॉर्म भरला गेला पाहिजे. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 रुपये मिळतात, एकरकमी. माहेरी जाताना माता बाल संरक्षण कार्ड पिशवीत हवंच.

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बहिणींनो, तुम्ही आधी पगाराची चिठ्ठी पाहा. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापले जातात का? 12,000 पगारावर महिन्याला 90 रुपये, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण वर्षभरात 70 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर 26 आठवडे पूर्ण मजुरी मिळते, आणि ती ईएसआय देतं, ठेकेदार नाही. मग ठेकेदाराच्या "बघू"वर कशाला थांबायचं? बाळंतपणाच्या आधीच ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करा, त्यांचा दाखला घ्या. अशी भरपगारी रजा मिळत असेल तर मातृवंदनेचे पैसे मात्र मिळत नाहीत.

बेसा, मनीषनगरकडे इमारतींवर राबणाऱ्या बायांचं तर कुणी नावच घेत नाही. वर्षात 90 दिवस काम केलेलं असेल आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी चालू असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना मंडळ पैसे देतं. साध्या बाळंतपणाला 15,000, सिझेरियनला 20,000. डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईला हे मुकादमानं सांगायला हवं. तो सांगत नसेल तर तुम्ही सांगा.

हे पैसे घेताना काही बाया संकोचतात, फुकटचं घेतल्यासारखं वाटतं त्यांना. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठामपणे मांडलं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा. नागपूर ज्याची राजधानी होतं, त्या मध्यप्रांतातही 1930 साली बाळंतिणींना पैसे देण्याचा कायदा आला. तुमच्या पणजीच्या काळापासून मान्य झालेला हक्क आहे हा.

त्या पोरीनं पुढं जुनं पासबुक आणवलं, नोंद करून घेतली आणि मला दाखवायला आली. 3000 च्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, आधी शेजारच्या काकूचे देऊन येतो."

नमस्कार.