सोळा पक्षी, पण चोच एकालाही नाही: फ्रेंच कुलचिन्ह कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी!

स्क्रीनवरची ही ढाल बघा. पिवळीधमक ढाल, तिच्यावर या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला लाल क्रूस, आणि क्रूसामुळे पडलेल्या चार कप्प्यांत चार-चार निळे पक्षी. चार चोक सोळा. हे मोंमोरांसी घराण्याचं कुलचिन्ह. पॅरिसच्या उत्तरेला याच नावाचं गाव आहे, तिथले हे सरदार.

आता एकच पक्षी मोठा करून दाखवते. पंख पसरलेले आहेत, शेपूट आहे. चोच? नाही. पाय? तेही नाहीत. चित्रकार विसरलेला नाही हं. याला म्हणतात अलेरियों, म्हणजे चोच आणि पंजे नसलेला गरुड.

घराण्यात सांगत आलेली गोष्ट अशी. आधी हे पक्षी चारच होते. २७ जुलै १२१४ रोजी बुवीनची लढाई झाली. एकीकडे फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्त, समोर जर्मन सम्राट चौथा ऑटो. त्या दिवशी मात्यू द मोंमोरांसीने सम्राटाची बारा निशाणं जिंकून आणली, म्हणून ढालीवर बारा पक्षी वाढले. सम्राटाचं चिन्ह होतं गरुड. चोच-पंजे गेलेला गरुड म्हणजे हरलेला शत्रू, असा अर्थ पुढच्या पिढ्यांनी लावला. गोष्टीला थोडं मीठमसाला लागलं असेल, तरी मला ती आवडते.

आता दुसरी ढाल. तीच पिवळी, तोच क्रूस, तेच सोळा पक्षी. फरक क्रूसावर आहे: पाच पांढरे शिंपले. हा मात्यूचा धाकटा मुलगा गी. त्याला आईकडून लाव्हालची जहागीर मिळाली. बापाची ढाल जशीच्या तशी थोरल्याकडे गेली. धाकट्याने तीत काहीतरी बदल करायचा, हा रिवाज. म्हणजे हे शिंपले सांगतात की मी त्याच घरचा, पण धाकट्या पातीचा.

म्हणूनच 'लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा' असे तक्ते दिसले की मला राहवत नाही. हे ठरीव अर्थ बहुतेक नंतर चिकटवलेले आहेत. मूळ प्रश्न साधा असायचा: हा माणूस कोण, कुणाचा?

कधी कधी तर ढाल चक्क नाव उच्चारते. नाटककार रासीनच्या घराण्याच्या ढालीवर होते एक उंदीर आणि एक हंस. फ्रेंचमध्ये उंदीर म्हणजे 'रा' आणि हंस म्हणजे 'सीन्य'. जोडून म्हणा: रा-सीन्य. रासीन! १६९७ मध्ये त्याने बहिणीला पत्रात लिहिलं की उंदीर मला खटकतो, म्हणून मी हंसच ठेवलाय.

त्याला हे तेव्हाच का आठवलं? कारण १६९६ मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढलं होतं: कुलचिन्हं नोंदवा आणि पैसे भरा. माणशी वीस लिव्र, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन. लढायांनी खजिना रिकामा झाला होता. नोंदणीत सरदारांबरोबर व्यापारी आले, कारागीर आले. ज्यांनी स्वतःहून चिन्ह दिलं नाही, त्यांतल्या अनेकांना कारकुनांनीच बसल्या जागी काहीतरी बनवून दिलं. तेव्हा एखाद्या कुटुंबाचं चिन्ह त्या वह्यांत सापडलं, तर ते कुटुंब सरदारी होतंच असं समजू नका, आणि प्रत्येक रेघेत गूढ अर्थही शोधू नका.

जुन्या पुस्तकात बिनरंगाची ढाल दिसली तर काय करायचं? रेघा बघायच्या. बारीक ठिपके म्हणजे सोनेरी (आपला पिवळा), उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, कोरी जागा चांदी (म्हणजे पांढरा).

आणि आता ही शेवटची ढाल. कॅनडात क्वेबेकला लाव्हाल विद्यापीठ आहे. क्वेबेकचे पहिले बिशप फ्रांस्वा द लाव्हाल यांच्यावरून त्याला नाव मिळालं, आणि चिन्हही त्यांच्याच घराण्याचं. व्हिडिओ इथे थांबवा आणि मोजा: पक्षी सोळा, शिंपले पाच. बिशप कुठल्या पातीचे, ते आता तुम्हीच कमेंटमध्ये लिहा.