उत्तर देणाऱ्याच्या हातात काय असतं?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्यवसाय आणि सोशल मीडिया : फायदे आणि धोके’. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी माझा एक जुना हट्ट तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल. घरच्यांनी ऐकणं केव्हाच बंद केलंय, म्हणून तर मी व्याख्यानं देतो.

हट्ट असा : कंपनीच्या खात्यावरून लोकांना उत्तरं देणाऱ्या माणसाला निर्णयाचा काडीचाही अधिकार नसेल, तर कंपनीने ते खातं उघडूच नये.

याचं कारण थोडं वैयक्तिक आहे. मी एका कंपनीकडून ऑनलाइन एक वस्तू मागवली. खोका आला, वस्तू आली नाही. फोन लागेना, तेव्हा त्यांच्या पानावर जाहीरपणे लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया इनबॉक्समध्ये संपर्क साधा.’ साधला. तिथे पुन्हा दिलगिरी. ऑर्डरचा नंबर दिला, रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला. मग म्हणे, ‘संबंधित विभागाला कळवलं आहे.’ तो संबंधित विभाग मला आजतागायत भेटलेला नाही. इतक्या नम्रपणे माझं काम कोणीच कधी टाळलं नव्हतं! माझा त्या उत्तर लिहिणाऱ्यावर राग नाही. त्याच्यासमोर तयार वाक्यांचा तक्ता असणार, आणि ‘पैसे परत करा’ हे बटण नसणार.

तुमच्यापैकी अनेकांना डेव्ह कॅरल माहीत असेल. कॅनडाचा संगीतकार. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात शिकागोला सामान हाताळणाऱ्यांनी त्याची गिटार मोडली. दुरुस्तीला १२०० डॉलर लागले. कंपनीने सांगितलं, तक्रार २४ तासांत करायला हवी होती. नऊ महिने हा माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला आणि शेवटी ‘नाही’ हेच ऐकलं. मग त्याने काय केलं? गाणं केलं. (संगीतकाराशी भांडताना हे लक्षात घ्यायला हवं होतं.) जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर आलेलं ते गाणं लाखो लोकांनी पाहिलं. नऊ महिने न हललेली कंपनी तेव्हा भरपाई द्यायला तयार झाली.

पण मला यातला वेगळाच तपशील आवडतो. शेवटचं ‘नाही’ सांगणाऱ्या कर्मचारी बाईंबद्दल कॅरलने पुढे आवर्जून सांगितलं, की त्या चांगल्या आहेत, त्यांनी कंपनीचं धोरण तेवढं पाळलं. गाऱ्हाणं बाईंबद्दल नव्हतं, धोरणाबद्दल होतं. आणि माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे? ‘करून टाका’ म्हणण्याची मुभा बाईंना असती, तर १२०० डॉलरमध्ये प्रकरण मिटलं असतं.

आता उलटी बाजू. ब्रिटनमधली संगीत आणि चित्रपट विकणारी एचएमव्ही ही जुनी कंपनी जानेवारी २०१३ मध्ये डबघाईला आली. ३१ जानेवारीला कर्मचाऱ्यांना काढायला सुरुवात झाली. बैठक चालू असतानाच कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून जगाला थेट बातमी : आम्हा साठहून जास्त जणांना एकदम काढताहेत! त्यातच पुढे आलं, की मार्केटिंगचे संचालक आत्ताच विचारत होते, हे ट्विटर बंद कसं करायचं? [हशा] हसताय, पण आपल्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे इथे कितीजण सांगू शकतील? हात वर करू नका, शेजारी तुमचा कर्मचारी बसलेला असेल. म्हणजे एचएमव्हीत ज्या खात्यावरून कंपनी जगाशी बोलते, त्याची किल्ली वरिष्ठांना कशी वापरायची तेच ठाऊक नव्हतं. किल्ली दिली, विश्वास दिला नाही, अशी ती तऱ्हा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय. वाचतो : ‘पाच मिनिटं, आणि कृपया विषयावर या.’ आलो.

फायदे भरभर सांगतो. छोट्या व्यवसायाला मोठ्याच्या बरोबरीने लोकांसमोर उभं राहता येतं, जाहिरात नेमक्या वयाच्या आणि आवडीच्या माणसांना दाखवता येते, आणि थोडे पैसे लावून आधी चाचणी घेता येते. त्याहून मोठा फायदा म्हणजे ग्राहक काय विचारतात ते फुकट कळतं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष ग्राहकात नाही, तुमच्या माहितीपत्रकात आहे.

धोके. पहिला, जागा तुमची नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की न्यूज फीडमध्ये, म्हणजे उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत, कुटुंब आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. व्यवसायांच्या पानांची फुकटची पोच, म्हणजे पैसे न देता जितक्या लोकांना पोस्ट दिसते ती संख्या, आणखी घटली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांचं सगळं दुकान तिथेच होतं, त्यांना ग्राहकांना कळवायलाही दुसरा रस्ता नव्हता. म्हणून ग्राहकांचे ईमेल आणि फोन नंबर, त्यांच्या परवानगीने, स्वतःजवळ ठेवा.

दुसरा, तोतया. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर पैसे भरून निळी टिकली, म्हणजे खातं खरं असल्याची खूण, मिळू लागली. लगेच कोणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाचं खातं काढून इन्सुलिन आता मोफत असल्याचं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला आणि माफीही मागावी लागली. त्यामुळे आपल्या नावाची खाती अधूनमधून शोधत राहा.

तिसरा, घरातूनच होणारी चूक : वैयक्तिक खात्याऐवजी कंपनीच्या खात्यावरून काहीतरी जाणं. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावा, आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढा.

आता प्रश्न विचारा. फक्त ‘फॉलोअर विकत घ्यावेत का?’ हा नको, दर वेळी येतो. घेऊ नका. ती खाती तुमच्या पोस्टला प्रतिसाद देत नाहीत, आणि प्रतिसाद न मिळणारी पोस्ट फेसबुकसारखे मंच पुढे कोणाला फारशी दाखवत नाहीत. म्हणजे पैसे देऊन आपणच आपली पोच कमी करून घ्यायची. हं, मागच्या रांगेतले गृहस्थ, बोला.