एका दिवशी एकच दिल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टीत दिल्लीला निघालेल्या कुटुंबाजवळ बहुधा एक कागद असतो. त्यावर सकाळी कुतुबमिनार, मग लोटस टेंपल, दुपारी लाल किल्ला, येताना इंडिया गेट आणि संध्याकाळी अक्षरधाम अशी एकाच दिवसाची यादी असते. अशी यादी करणाऱ्याने नकाशा उघडलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कुतुबमिनार दिल्लीच्या दक्षिण टोकाकडे आहे, लाल किल्ला उत्तरेकडे यमुनेच्या बाजूला आहे, आणि दोहोंमध्ये शहरातील सगळी वाहतूक आडवी पडलेली असते. दिल्ली हे मुळात एक शहरच नव्हे. राय पिथोराच्या, म्हणजे पृथ्वीराज चौहानच्या किल्ल्यापासून सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद असे करत शहाजहानच्या शहाजहानाबादेपर्यंत सात राजधान्या तेथे एकापुढे एक वसल्या, असे परंपरेने मानतात, आणि १९३१ मध्ये उद्घाटन झालेली इंग्रजांची नवी दिल्ली ही त्यांच्या पुढची आठवी. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की एका दिवशी एकच दिल्ली पाहावी. कुतुबमिनारच्या दिवशी मेहरौली पाहावी, लाल किल्ल्याच्या दिवशी जामा मशीद, शीशगंज गुरुद्वारा आणि चांदनी चौक पाहावा, आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या दिवशी निजामुद्दीनचा दर्गा व पुराना किला पाहावा. राष्ट्रपती भवन, इंडिया गेट, जंतरमंतर आणि बंगला साहिब गुरुद्वारा यांचा दिवस वेगळा ठेवावा. पुन्हा सांगतो, एका दिवशी एकच दिल्ली.

लाल किल्ल्याला तर पुरता अर्धा दिवस द्यावा, आणि त्याचे कारण सांगताना मला आमच्याबरोबर सहलीला आलेले एक निवृत्त इतिहासशिक्षक आठवतात. त्यांना सगळे सरच म्हणत. सहलीच्या व्यवस्थापकाने किल्ल्यासाठी पाऊण तास दिला होता आणि बस बाहेर उभी होती. लाहोरी दरवाजातून आत शिरून, छत्ता चौकातील दुकाने ओलांडून आणि दिवाण-इ-आम हा आम दरबार मागे टाकून आम्ही दिवाण-इ-खास या खास दरबारापाशी पोहोचलो. पर्यटन खात्याचे ओळखपत्र गळ्यात घातलेला, साठीच्या घरातील एक गाइड आमच्याबरोबर होता. येथे मयूरासन होते, येथे कमानींवर ‘पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो येथेच’ अशा अर्थाच्या फारसी ओळी आहेत, असे सांगत सांगत त्याने छताकडे बोट केले. आज दिसणारे छत लाकडी आहे, पूर्वी ते चांदीने मढवलेले होते आणि ती चांदी मराठ्यांनी काढून नेली, असे सांगून तो थांबला. मग आमच्याकडे वळून अत्यंत अदबीने त्याने विचारले, “आप लोग महाराष्ट्र से हैं ना? तो वह चाँदी कब लौटा रहे हैं?”

काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. सरांनी मात्र हातातली छत्री शांतपणे मिटली. त्यांनी आधी आरोप मान्य केला. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेचा पगार थकला होता, तेव्हा ते छत उतरवून, वितळवून त्याचे रुपये पाडले गेले, आणि हे झाकण्याचे काही कारण नाही, असे ते मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाले. नंतर त्यांनी उलट प्रश्न केला. १७८८ मध्ये याच किल्ल्यात रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, त्या वेळी गुलाम कादिराला येथून पळवून लावून त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवणारी फौज कोणाची होती? महादजी शिंद्यांची ना? “तो फिर चाँदी में से वह खर्चा काट लीजिए, और जो बाकी निकले वह बताइए.”

गाइड क्षणभर गप्प राहिला आणि मग इतक्या मोठ्याने हसला की बाजूच्या गटातले लोकही वळून पाहू लागले. “साहब, हिसाब ही करना है तो पहले ईरान चलते हैं,” तो म्हणाला, “नादिरशाह से तख़्त वापस लेना है.” मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले, हे सरांना सांगण्याची गरजच नव्हती. तेथून पुढे त्या माणसाने आपले पाठ केलेले भाषण बाजूला ठेवले. महालांमधून वाहणाऱ्या, ‘स्वर्गाचा प्रवाह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याचे कोरडे पात्र त्याने दाखवले. १८५८ मध्ये बहादुरशहा जफरवरचा खटला याच दिवाण-इ-खासमध्ये चालला, त्याची हकिगत सांगितली. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्यातील किती इमारती पाडून आपल्या बराकी उभ्या केल्या, ते प्रत्यक्ष जागेवर उभे करून दाखवले. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यापर्यंत तो येऊन पोहोचला, तेव्हा आम्हाला बोलवायला आलेला व्यवस्थापकही घड्याळ विसरून ऐकत उभा होता. त्या दिवशीची पुढची चार ठिकाणे राहिली. करोलबागेतली खरेदी हुकली म्हणून काही मंडळी दोन दिवस रुसली होती, हेही खरे.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे मराठ्यांचा इतिहास पानिपतापाशी येऊन थांबतो आणि पुढचे पान कोणी उलटत नाही. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढच्या वर्षी शाह आलमला तेथे आणून बसवले, ही गोष्ट पानिपतानंतरची आहे. ती वाचून गेलेल्या माणसाला लाल किल्ला वेगळा दिसतो.

आता गाइडविषयी. ओळखपत्र असलेला गाइड दाराशीच ठरवावा, पैसे आधी बोलून घ्यावेत आणि त्याला प्रश्न विचारावेत, कारण प्रश्न विचारले नाहीत तर त्याचे पाठांतरच ऐकावे लागते.

दुसरी गोष्ट वारांची. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधामही सोमवारी बंद असतात. सोमवार लक्षात ठेवा, कारण शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेणारे नेमके त्याच दिवशी फसतात. तो दिवस कुतुबमिनार किंवा हुमायूनच्या मकबऱ्यासाठी राखावा. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि चांदनी चौकातली बरीचशी दुकाने रविवारी उघडत नाहीत. स्वातंत्र्यदिनापूर्वी काही दिवस लाल किल्ला पर्यटकांना बंद करतात. राष्ट्रपती भवन आतून पाहायचे असेल तर घरूनच ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

फिरण्यासाठी मेट्रोच घ्यावी. लाल किल्ला आणि जामा मशीद ही स्थानके जांभळ्या मार्गिकेवर आहेत, चांदनी चौक आणि कुतुबमिनार पिवळ्या मार्गिकेवर आहेत, आणि काश्मिरी गेट येथे दोन्ही मार्गिका बदलता येतात. मात्र कुतुबमिनार स्थानकात उतरल्यावर मिनार समोर उभा असेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेथून पुढे रिक्षा करावी लागते. गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, हे पुरुष मंडळींनी ध्यानात ठेवावे.

रेल्वेने जाणाऱ्यांनी तिकिटावरचे स्थानकाचे नाव नीट वाचावे. मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या राजधानी गाड्यांपैकी एक नवी दिल्लीला पोहोचते, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी हजरत निजामुद्दीनला थांबते. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना नुसते ‘दिल्ली स्टेशन’ सांगितले तर ते तिसऱ्याच, म्हणजे जुन्या दिल्लीच्या स्थानकावर जाऊन उभे राहतील. नवी दिल्ली स्थानकालाही दोन तोंडे आहेत, एक पहाडगंजकडे आणि दुसरे अजमेरी गेटकडे. मेट्रो आणि विमानतळाकडे जाणारी जलद मेट्रो, या दोन्ही अजमेरी गेटच्या बाजूला मिळतात.

याच स्थानकाबाहेर कोणी पुढे येऊन तुमचे तिकीट रद्द झाले आहे, तुमचे हॉटेल बंद आहे किंवा पुढचा रस्ता अडवला आहे असे सांगू लागला, तर चालत राहावे. असा माणूस नंतर सरकारी पाटी लावलेल्या एखाद्या खासगी दुकानात नेतो. पर्यटन मंत्रालयाचे कार्यालय जनपथावर ८८ क्रमांकाला आहे. चौकशी करायचीच असेल तर तेथे करावी.

ऋतूविषयी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. दिवाळीच्या सुमारास हवा धुराने जड होते, त्यामुळे दमेकऱ्यांनी तो काळ टाळावा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर पहाटेच्या धुक्यामुळे गाड्या आणि विमाने कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून त्या दिवसांत परतीची गाडी आणि पुढच्या प्रवासाचे तिकीट एकाच दिवसाचे काढू नये.

नमस्कार.