हजेरीला 'नाही' म्हणणारा पोरगा

ही ठाण्यातली संध्याकाळची तलावपाळी. क्लास सुटलेत, दप्तरं पाठीवर तशीच, आणि पोरांचा घोळका भेळेच्या गाडीपाशी उभाय. जरा नीट बघा, पाच जण हसले की सहावा पण हसतो, कशावर हसतायत ते त्याला कळलेलंच नसतं. मला त्या सहाव्याबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी एक पुस्तक सांगावं लागेल.

'द चॉकलेट वॉर', १९७४ चं. लेखक रॉबर्ट कॉर्मियर, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, पेशाने पत्रकार. विषय घरातच मिळाला त्याला. मुलाच्या शाळेने चॉकलेटं विकायला दिली, पोराला विकायची नव्हती, त्याने ती परत नेऊन दिली आणि बापाने साथ दिली. पोराला कोणी काही केलं नाही, पण कॉर्मियरच्या डोक्यात बसलं की केलं असतं तर?

पुस्तकातली शाळा ट्रिनिटी, फक्त मुलांची. २०,००० डबे खपवायचेत, प्रत्येकाने ५०. ब्रदर लिऑन हा शिक्षक रोज वर्गात एकेक नाव घेतो आणि पोरं आपापला आकडा सांगतात. जेरी रेनो नवीन आहे, आई नुकतीच गेलीये, आणि तो म्हणतो, नाही. खरं तर शाळेतल्या 'व्हिजिल्स' नावाच्या छुप्या टोळीनेच त्याला हुकूम दिलेला असतो की दहा दिवस नाही म्हणायचं. ते दहा दिवस संपतात, आता हो म्हणून सुटता येईल, आणि हा परत नाहीच म्हणतो. का, ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

टोळीचा डोकेबाज आर्ची, तो स्वतः कोणाला हात लावत नाही, फक्त सुचवतो. पुढे जेरीला रात्री-अपरात्री फोन येतात, लॉकरमधल्या वस्तूंची नासधूस होते, मग तर तो वर्गात आहे हेच कोणाला दिसेनासं होतं. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, दुसरा शब्द नकोच.

पण माझा जीव अडकतो तो गूबरमध्ये. जेरीचा मित्र, चांगला पोरगा. मित्रासाठी तो २७ डब्यांवर थांबतो, आणि तरी एक दिवस त्याच्या नावापुढे ५० लिहून टाळ्या वाजवल्या जातात. तो गप्प राहतो. शेवटी जेरी मार खाऊन पडलेला असताना याच गूबरला सांगू बघतो की बाबा रे, ते सांगतील ते कर. शेवट फार काळा आहे म्हणून प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं होतं, कॉर्मियरने तो बदलला नाही. बरं केलं.

मी ठाण्यातच शिकलो, मुलांच्याच शाळेत. आठवीत आम्हाला मदतनिधीची कूपनं दिली होती, सर हजेरी घेताना किती खपली विचारायचे. एकाने सगळी परत केली, सर मला दारोदार जायला नाही आवडत, इतकंच म्हणाला. मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर कोणी बसेना. मारलं कोणीच नाही, कोणी ठरवलं पण नव्हतं, आणि मी त्याच्याबरोबर रोज स्टेशनपर्यंत चालत जायचो ते त्या आठवड्यात मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो.

सर त्याच्या नंबरवर आले की काही न विचारता पुढे जायचे. पुढचा नंबर माझा. मी उभा राहून सांगायचो, बावीस, सर. त्यातली अर्धी बाबांनीच घेतली होती.