पडद्याच्या मापाचा खेळ

मंडळी, १८ जून १९८३ या दिवशी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या मैदानावर कपिल देवनं विश्वचषकाच्या सामन्यात झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या. भारत ५ बाद १७ वर होता आणि डाव संपला तेव्हा फलकावर ८ बाद २६६ लागले होते. एकदिवसीय क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची याहून थोर खेळी झालेली नाही, असं माझं मत आहे. पण तिचं एक सेकंदाचंही चित्रीकरण उपलब्ध नाही. सातच दिवसांनी लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. आपण १८३ केल्या, वेस्ट इंडीज १४० मध्ये गारद. तो सामना अजून दरवर्षी कुठे ना कुठे दाखवतात, म्हणून रिचर्ड्सचा झेल पोट्ट्यांनाही पाठ आहे.

कॅमेरा जिथं असतो, तिथलाच खेळ लोकांच्या ध्यानात राहतो. आणि हे एकदा कळलं की खेळ स्वतःच कॅमेऱ्याच्या सोयीनं बदलू लागतो. आज बोलायचं आहे ते या बदलाबद्दल. शेवटी आपल्या गावच्या कबड्डी स्पर्धेपर्यंत यायचं आहे, कारण टीव्हीची नक्कल तिथंही पोचली आहे.

आधी पडदा गावात कसा आला ते पाहू. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ आले. आपल्याकडे मात्र पुढची कित्येक वर्षं चित्र बांबूवरच्या अँटेनावर अवलंबून होतं. त्याचं गणित साधं आहे. सरळ रेषेत लहर पोचायला हवी. शंभर मीटरचा मनोरा आणि दहा मीटरचा बांबू असेल, तर सपाट मुलखात सुमारे ५४ किलोमीटर. मध्ये टेकडी आली की हिशेब संपला. मुख्य दांड्याची लांबी चॅनेलवर ठरायची. चॅनेल ५ असेल तर साधारण ८० सेंटिमीटर, चॅनेल ४ असेल तर जवळजवळ सव्वादोन मीटर. एका चॅनेलचा अँटेना दुसऱ्यावर लावला की पडद्यावर मुंग्या. चित्राच्या बाजूला दुसरं फिकट चित्र दिसलं, तर दोष सेटचा नसायचा, लहर पाण्याच्या टाकीवर किंवा टिनाच्या छपरावर आपटून उशिरा पोचायची. अँटेना थोडा फिरवला की जायचं ते. आणि सगळं जुळवून ठेवावं तर काळतोंडी वानरं येऊन दांड्यावर झोके घेणार, याला तांत्रिक उपाय कोणाकडेच नव्हता.

लाईट गेली तर चौदा इंची कृष्णधवल सेट बारा व्होल्टवर चालायचा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. सेट दीड अँपिअर ओढतो असं धरा. ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटलं, तरी पंचवीसेक तास निघतात. अख्खा सामना आरामात. निम्म्याखाली गेली की मात्र सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, आणि वावरात नांगर अडून राहिला की घरात सामन्याचं नाव काढायची सोय उरत नाही.

या पडद्याकडे बघायचं कसं ते शिकवलं मालिकांनी, खेळानं नव्हे. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, १५६ भाग चालली. भाग संपला की अशोककुमार येऊन, काय घडलं आणि त्याचा अर्थ काय, हे समजावून सांगायचे. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी, ७८ भाग. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून, ९४ भाग, आणि त्यात हरीश भिमाणींच्या आवाजातला ‘समय’. यातून तीन सवयी लागल्या. ठरलेल्या वेळेला बसायचं. घटना घडते तेव्हा तिचा अर्थ सांगणारा एक आवाज असतो. आणि भाग तोडायचा तो ऐन वेळी, बाण सुटलेला असताना. आजचा क्रीडाप्रसारणाचा दिग्दर्शक याच तीन गोष्टी करतो. सामन्याआधीची बैठक, समालोचक, आणि झेल तिसऱ्या पंचाकडे गेला की मध्येच जाहिरात.

क्रिकेटमध्ये हे आधीच सुरू झालं होतं. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकर यानं स्वतःची स्पर्धा काढली आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. त्याआधी एकाच टोकाचा कॅमेरा असल्यानं एका षटकात फलंदाज समोरून दिसायचा, पुढच्यात यष्टिरक्षकाची पाठ. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं, पुढच्या हंगामापासून सहाचं झालं. तेवढ्याच चेंडूंत षटकांमधल्या मोकळ्या जागा वाढल्या, म्हणजे जाहिरातीच्या जागा वाढल्या. आयपीएलमध्ये तर एका डावात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन विश्रांतींची सोय नियमातच आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० सामन्यांसाठी. भागाकार करा, सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डावांचे २४० चेंडू धरले तर चेंडूला ४९ लाखांच्या आसपास. एवढ्या भावात चेंडू रिकामा जाऊन चालत नाही, हे खेळाडूला कोणी सांगावं लागत नाही.

तिसऱ्या पंचावर लोक फार विसंबतात, म्हणून एक हिशेब. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर टीव्ही बघून धावबाद दिला गेलेला पहिला फलंदाज ठरला. आपल्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे दोन चित्रांत चार शतांश सेकंदांचं अंतर. फलंदाज सेकंदाला सहा मीटरनं पळत असेल तर तेवढ्यात बॅट २४ सेंटिमीटर पुढे जाते. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू दीड मीटर. पहिल्या चित्रात बॅट बाहेर, दुसऱ्यात आत, आणि बेल मधल्या काळात पडलेली. मग पुरावा कशाचा? म्हणूनच पुढे वेगवान कॅमेरे आणावे लागले. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे कबड्डीत लागणार आहे.

सामना फुकट दिसतो की नाही, यावरही गावात वाद असतात. १९९३ च्या हिरो कपावरून क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. २००७ च्या कायद्यानं खासगी वाहिन्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रसारण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं, पण २०१७ च्या निकालानंतर दूरदर्शननं ते खासगी केबलवाल्यांना पुढे द्यायचं नाही. म्हणून शेजाऱ्याच्या फुकट डिशवर सामना दिसतो आणि केबलवर त्याच वाहिनीवर दुसरंच काही लागलेलं असतं. केबलवाल्याशी भांडू नका. फुकट डिशची छत्री लावायची असेल तर तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपूरच्या आसपास तो दक्षिणेपासून सुमारे ३५ अंश पूर्वेकडे, म्हणजे आग्नेयेला, आणि जवळपास ६० अंश उंच पडतो. छत्री मात्र तेवढी वर तोंड केलेली दिसत नाही, कारण तिची ताटली मुद्दाम तिरपी घडवलेली असते. त्यामुळे डोळ्यानं अंदाज घेणारा माणूस हमखास ती जास्त उचलतो आणि सिग्नल हरवतो.

आता कबड्डी. आपल्या भागाचा या खेळावर हक्क आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तोच खेळ २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी म्हणून पडद्यावर आला, आणि नियमांतल्या बदलांकडे नीट पाहिलं तर ते मालिका लिहिणाऱ्यानं लिहिल्यासारखे आहेत.

जुनी अडचण अशी की आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ मारायचा. पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. सगळ्या पूर्ण वापरल्या तर ८० चढाया, प्रत्येक संघाला ४०. निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडून परत यायचं, बस्स. त्यावर तोड निघाली ती तिसऱ्या चढाईची. दोन चढाया सलग रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. दर तीन चढायांत एकदा तरी निकाल लागणारच. मागे पडलेल्या संघासाठी अव्वल पकड. अंगणात तीन किंवा कमी उरले असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. पूर्वी तीन उरले की लोण, म्हणजे अख्खा संघ बाद, ठरलेलं, प्रेक्षक उठून चहाला जायचा. आता तो तिथंच थांबतो. मला हे दोन्ही नियम चांगले वाटतात. टीव्हीनं खेळाचं काही बिघडवलं असेल, पण इथं त्यानं खेळाडूला मारलेल्या वेळेची किंमत मोजायला लावली.

कापसाचे वेचे आटोपल्यावर आपल्याकडे ज्या स्पर्धा होतात, तिथं हे नियम लागू करताना गोंधळ होतो तो गुणलेखकाच्या टेबलावर. बोनस फक्त समोर सहा किंवा सात खेळाडू असतानाच. पाच असताना दिलेला बोनस हे भांडणाचं पहिलं कारण. दुसरं, बोनसवर किंवा अव्वल पकडीच्या जादा गुणावर बाद खेळाडू जिवंत होत नाही. समोरचा बाद झाला तरच एक जण आत येतो, आणि तोही बाद झाल्याच्या क्रमानं. तिसरं, रिकाम्या चढायांची मोजणी. यासाठी एक वेगळा माणूस बसवा, त्याच्याकडे दोन पाट्या. दुसरी रेघ पडली की त्यानं लाल झेंडी वर धरायची, म्हणजे चढाई सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना दिसतं. मध्यंतरानंतर मोजणी पुढे चालू की नव्यानं, हे नाणेफेकीआधी सरपंचानं, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचानं, दोन्ही कर्णधारांना सांगावं. चौथं, मैदानाच्या कडेचा राखीव पट्टा. झटापट होईपर्यंत तो बाहेरच धरायचा. स्पर्श झाला की आत. पंचानं हात वर करून ते दाखवलं नाही, तर निम्मे प्रेक्षक मैदानात उतरतात.

आणि डीजे. चढाईपटूचा दम तुटला का, हे पंचाला कानानं ऐकावं लागतं. चढाई चालू असताना गाणं वाजवायचं नाही, गुण झाल्यावर दहा सेकंद वाजवा. टीव्हीत आवाज मोठा असतो, पण तिथं मैदानाजवळ माइक लावलेले असतात.

हल्ली मंडळं मोबाईलवर रिव्ह्यू ठेवतात. ठेवा, पण मघाचा हिशेब आठवा. साधं चित्रीकरण सेकंदाला ३० चित्रांचं, दोन चित्रांच्या मध्ये वेगानं फिरणारा हात वीस सेंटिमीटर सरकतो. स्लो मोशनमध्ये २४० चित्रं मिळाली तर अंतर अडीच सेंटिमीटरवर येतं. मात्र स्वस्त एलईडी लाईट विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे अशा चित्रीकरणात मैदान उजेड-अंधार करत दिसतं आणि नेमकं चित्र काळं निघतं. आदल्या रात्री तपासून घ्या. फोन बोनसरेषेच्या अगदी सरळ लांबणीवर, टेकूवर बांधून ठेवा. हातभर बाजूला सरकला तरी रेषेवरचा पाय ओलांडलेला दिसतो. चार अंगणकोपऱ्यांबाहेर दिव्यांचे खांब असावेत. चढाईपटूच्या समोर, शेवटच्या रेषेमागे हॅलोजन लावला तर त्याला बचावातले हात दिसत नाहीत.

गादी आणायची का, हा शेवटचा आणि खर्चाचा प्रश्न. मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे एक मीटरच्या १३० गाद्या. चहूबाजूंनी मीटरभर जागा सोडली तर १८०. खालची जमीन सपाट नसेल तर सांधे उघडतात आणि अंगठा त्यात अडकतो. काळ्या जमिनीवर अंथरूच नका, ती वाळली की भेगाळते. आधी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवा. माझा सल्ला विचाराल तर गावात मातीच बरी. वीतभर खोल उकरून, चाळलेली पिवळी माती आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, खडे वेचायचे, रोज संध्याकाळी हलकं पाणी शिंपडायचं. आखणीला कळीचा चुना वापरू नका, घामाच्या अंगाला आणि डोळ्याला लागतो. खडूची भुकटी घ्या. मातीवर अनवाणी, गादीवर बूट. बूट नसलेल्या पोट्ट्यांना गादीवर उतरवलं की तळव्याची साल निघते.

आणि गादी आणलीच असेल तर दव विसरू नका. जानेवारीत रात्री नवाच्या पुढे उघड्यावर गादी ओलसर होते आणि कोपऱ्यातल्या बचावपटूचा पाय पकड घालतानाच सटकतो. गुडघ्याला दुखापत होते ती अशानं. साखळी सामने दुपारी उरका, उपांत्य फेरी दिवेलागणीला सुरू करा, अंतिम सामना नवाच्या आत संपवा. पाहुण्यांची भाषणं लांबली तर ती सामन्यानंतर ठेवा, आणि दर चढाईनंतर नाही तरी दर पाच मिनिटांनी सुक्या सुती कापडानं गादी पुसायला चार पोट्टे कडेला बसवा.